अर्ध्या पगाराचे पोलीस, भाग चार

विंगदादा मरणार हे मला दहा दिवस आधीच कळलं होतं. त्याला कळलं ते सिक मावशींच्या पंचांगामुळे.

खराखुरा मरणार नव्हता. ‘अर्ध्या पगाराचे पोलीस’च्या चौथ्या भागात त्याचा हवालदार मरणार होता. आधीच्या तीन भागांत आम्ही दोघांनी मिळून निम्मं हाँगकाँग मोडलं. तो जाडा, मी काडी. तो गुंडांना हाणणार, मी त्याच्यामागे लपून त्याला सल्ले देणार. सहा वर्षं रस्त्यात लोक आम्हाला ‘सर’ म्हणून हाक मारत होते, कधी कधी खरे पोलीससुद्धा. पण तैवानच्या वितरकांना आता एक कोवळा गायक हवा होता आणि पन्नाशीचा दादा नको होता. आमचे निर्माते यिप साहेब, त्यांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं.

"पाचवा आणि सहावा तुझा न् त्या पोराचा. विंगला आत्ता काही सांगू नकोस. रुसून बसला तर शेवटची मारामारी कोण करणार, तू?"

मी मान डोलावली. मला ते दोन भाग हवे होते, उगाच साळसूदपणा कशाला करू? दादाशिवाय मला कोणी कुठल्या सिनेमात विचारलंच नव्हतं.

लपवणं सोपं गेलं. आमच्याकडे पटकथा रोज सकाळी दोन-चार पानं अशी येते, शाईसुद्धा वाळलेली नसते, त्यामुळे शेवट कोणालाच ठाऊक नसतो. दादा आपला पाचव्या भागाचे विनोद ऐकवून माझं डोकं खायचा.

"बारक्या, पाचव्यात तू लग्नाला उभा, आणि मी भर मांडवात तुझ्या सासूला अटक करतो. कसं?"

"झकास," मी म्हणायचो. गुडघा सुजलेला असूनही जिन्यावरच्या उड्या तो स्वतःच मारायचा. पाचव्या भागात लोकांनी म्हातारा म्हणायला नको, एवढीच त्याला काळजी. मला त्याचा राग यायचा. ज्याला आपण फसवतो त्याचा येतो तसा.

त्या दिवशी क्वुन टाँगच्या बाजारात जेवणाची सुट्टी झाली. दादा डब्यातला बदक-भात खात होता, शेजारी मी. सिक मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या. शूटिंगचा सगळा कारभार आणि त्यातले सगळे देवधर्म तीस वर्षं त्याच बघत आल्या आहेत. त्यांनी दोन्ही हातांनी पैशांचं लाल पाकीट पुढे केलं. आमच्यात ज्याला कॅमेऱ्यासमोर मरायचं असतं त्याला असं पाकीट देतात, म्हणजे अपशकुन टळतो.

"आजच घे रे बाबा. उद्याचा दिवस पंचांगात अगदी वाईट आहे, उद्या नाही द्यायची मी."

दादाने खाणं थांबवलं नाही. "मावशी, चष्मा बदला. मी हिरो आहे. मरतंय कोण?"

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "तुला कोणी सांगितलंच नाही?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग दादानेही पाहिलं. "कधीपासून माहितीये तुला?"

"दहा दिवस."

"आणि मी येडा तुझी सासू पकडत बसलोय," तो म्हणाला. पाकीट खिशात टाकून त्याने उरलेलं बदक संपवलं. मला वाटलं होतं डबा तोंडावर फेकेल. फेकला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मासळीच्या गोदामात तो मेला. आधी मारामारी केली, काहीही कमी न ठेवता. मग गोळी लागून पडला आणि मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर होता आणि मला रडू येईना. चार वेळा तेच झालं. दिग्दर्शक ओरडला, "अरे, दोस्त मेलाय तुझा! विजेचं बिल आल्यासारखा काय बघतोयस?"

आमच्याकडे आवाज मागाहून भरतात, तोही दुसऱ्याच कोणाचा, त्यामुळे सेटवर काहीही बोललं तरी चालतं. पाचव्या वेळी दादा अर्धवट डोळे मिटून पुटपुटला, "तिसऱ्या भागात तुला मारायचं ठरलं होतं. पानंसुद्धा तयार होती. मी म्हटलं, बारक्या नसेल तर मीही नाही. चल, आता रड." आणि त्याने मान टाकली.

मी रडलो. नाक गळेपर्यंत रडलो. दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवलाच नाही, आणि थांबवला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा उठला आणि माझ्याकडे न बघता तोंड धुवायला गेला.

मी यिप साहेबांना गोदामाच्या दारात गाठलं. "तिसऱ्यात मला मारणार होतात?"

"हो. विंग अडून बसला, म्हणून सगळं नव्याने लिहावं लागलं. का रे? तुला काय वाटलं, लोक तुझं थोबाड बघायला येतात?" त्यांनी सिगारेट पेटवली. "सोमवारी ये, त्या गायकाशी गाठ घालून देतो. येशील ना?"

पलीकडे नळावर दादा मानेवरचं खोटं रक्त धूत होता. ते सहज निघत नाही, फार घासावं लागतं. तो ऐकू शकेल इतका जवळ होता.

"किती वाजता येऊ?" मी विचारलं.