फ्रिजवाले काका

“दाढीचा ब्रश राहिला की हो!” बायको बाथरूममधून ओरडली. त्याने तोही पिशवीत कोंबला. चपला, चष्म्याचं घर, खुंटीवरचे शर्ट, भिंतीवरचा तिघांचा फोटो, सगळं शेजारच्या मावशींच्या पलंगाखाली गेलं होतं. वीस वर्षांचा संसार, पण त्यातला त्याचा वाटा दोन पिशव्यांत मावला. एवढीशीच जागा अडवून आपण इतकी वर्षं घरात मालकासारखे वावरलो, याचं त्याला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

कल्पना त्याचीच. लेकीला फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा घर आनंदाने वेडं झालं आणि फीचा आकडा कळताच शहाणं झालं. बँकेने तारण मागितलं. या फ्रिज-मेकॅनिककडे तारण म्हणजे जुनी स्कूटर आणि पान्यांची पिशवी. नातेवाइकांनी काखा वर केल्या. सरकारी मदतीची मुदत कधीच टळली होती. उरली एक संस्था, मुलींची सगळी फी भरणारी, पण फक्त ज्यांचा बाप वारलाय किंवा घर सोडून गेलाय अशाच मुलींची. सोमवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर जागा दुसरीला जाणार होती.

“मरायला वेळ लागतो. पळून लगेच जाता येईल,” तो म्हणाला होता. गंमत म्हणूनच म्हणाला होता. कुणी हसलं नाही, आणि तिथेच ते ठरलं.

आज संस्थेच्या मॅडम घर बघायला येणार होत्या. तो समोरच्या सायकलवाल्याच्या दुकानात जाऊन बसला. बऱ्याच वेळाने इमारतीतून एक बाई फाइल काखोटीला मारून बाहेर पडली आणि रिक्षात बसून गेली. सुटलो बुवा, असं म्हणत तो उठला. ती तळमजल्यावर आलेली विम्याची बाई होती, पण ते याला कसं कळावं! तहानेने जीव कासावीस झाला होता. पान्यांची पिशवी खांद्याला लावून तो तीन जिने चढला आणि उघड्या दारातून सरळ आत शिरला.

समोर खुर्चीत मॅडम बसल्या होत्या, चहाचा कप हातात घेऊन.

“हे कोण?”

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. लेक मात्र चटकन उठली. “फ्रिजवाले काका आहेत. या ना काका, केव्हाची वाट बघतोय.”

काका! तो मुकाट्याने आपल्याच फ्रिजपुढे गुडघे टेकून बसला. भंगारातून आणून त्याने स्वतः उभा केलेला फ्रिज तो, गुणी लेकरासारखा चालत होता. आयुष्यभर बिघडलेली यंत्रं उघडणाऱ्या माणसाने आज पहिल्यांदाच धडधाकट यंत्राचे स्क्रू काढायला घेतले.

“वडील शेवटचे कधी दिसले तुला?” मॅडमनी लेकीला विचारलं.

“पाचवीत असताना. शाळेच्या फाटकापाशी सोडलं, डोक्यावर हात ठेवला आणि गेले. मी खिडकीतून बघत होते. वाटलं, एकदा तरी वळतील...” ती हमसून हमसून रडायला लागली.

घंटा होईपर्यंत फाटक न सोडणारा बाप तो. पोरगी जे सांगत होती ते सगळं खोटं होतं, पण तिचं रडणं खोटं नव्हतं.

“काय हो,” मॅडम त्याच्याकडे वळल्या, “तुम्ही येता ना इथे अधूनमधून? घरात कुणी पुरुष माणूस असतो का?”

हातातला स्क्रू निसटला. “नाही मॅडम,” तो म्हणाला. “मी तरी कधी बघितला नाही.”

“बरं, पैसे जरा बेतानं घ्या हं. कमावतं माणूस नाही यांच्यात.”

“यांच्याकडून नाही घेत मी.”

“बघ बाळ,” मॅडम लेकीला म्हणाल्या, “परका माणूस इतकं करतो. आणि सख्खा बाप...” त्यांनी कप खाली ठेवला. “जाऊ दे. तुझी फी सोमवारच्या आत भरली जाईल.”

बायकोने तोंडाला पदर लावला. त्याला उठून लेकीला जवळ घ्यावंसं वाटलं. त्याने फ्रिजच्या मागे डोकं घातलं.

“ही फी पहिल्या वर्षाची,” मॅडम पुढे म्हणाल्या. “अजून तीन वर्षं आहेत. आम्ही न कळवता येतो मधूनमधून. काय करणार? मागे एकीचा पळालेला बाप घरात पलंगावर घोरताना सापडला. नाव कापलं, दिलेली फीसुद्धा परत घेतली.”

शेवटचा स्क्रू त्याने हळूहळू पिळला. पिळून झाल्यावरही पिळत राहिला.

“झालं काम,” तो म्हणाला.

“थँक्यू काका,” लेक म्हणाली. तिने मान वर केली नाही.

तो आणि मॅडम बरोबरच खाली उतरले. मॅडमची गाडी यायची होती.

“राहता कुठे तुम्ही?”

याचा त्याने विचारच केला नव्हता. “लांब,” तो म्हणाला.

“मग निघा लवकर. घरी वाट बघत असतील.”

त्याने स्कूटर स्टँडवरून काढली. वर गॅलरीत लेक येऊन उभी होती. मॅडमनी तिच्याकडे बघून हात हलवला. तिनेही हलवला. मॅडमचा हात खाली आला, तरी ती हलवतच राहिली.

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्याने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं आणि किक मारली.