पिवळ्या टॉवेलाखालची दहा मिनिटे

मित्रांनो, माझ्या पोटाला डाव्या बाजूने एक पोचा आहे. तो पाहून मला कमी लेखू नका. मी एक जुनी पातेली आहे आणि हा पोचा एका शिंकेने पडला आहे. असा मान सगळ्याच भांड्यांना मिळत नाही.

या घरात मी आले ती दूध तापवायला. दूध मी अनेकदा उतू घालवले, पण त्यात माझा दोष नव्हता. माणसे दूध गॅसवर ठेवतात आणि दाराशी गप्पा मारत उभी राहतात. पुढे घरात झाकणाचे नवे पातेले आले आणि मला बढती मिळाली. मी वाफाऱ्याची पातेली झाले.

वाफारा घ्यायचे ते घरातले बाबा. घड्याळे दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचे टेबल होते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर मोहरीहून लहान स्क्रू. वर्षाचे दहा महिने त्यांचा हात दगडासारखा स्थिर असे. पण समोरच्या झाडाला फुलोरा आला, की पुढचे दोन महिने ते शिंकत. एकेक शिंक नव्हे, ओळीने सात. शेजारच्या काकूंनी त्यांचे नाव 'तोफखाना' ठेवले होते.

"काय हो तोफखाना, आज सहाच?" काकू गॅलरीतून विचारत.

"सातवी तुमच्यासाठी राखून ठेवलीय," बाबा म्हणत आणि ती तेवढ्यात येई.

शिंक आली की टेबलावरचे घड्याळ खोलीभर होई. मग सारे घर गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. शिंका थांबल्या, पण बाबाही थांबले. एकदा ते भिंग लावून, टेबलावर मान टाकून तासभर झोपले. आईला वाटले, काम फार बारीक असेल. डॉक्टर म्हणाले, "गोळीने एवढी झोप येत असेल, तर दुसरी बघू."

"दुसरी नको. मला काम करायचंय."

"मग गोळीशिवाय जमवून बघा. पण धाप लागली तर थेट माझ्याकडे यायचं."

तेव्हापासून घरात नियम आले. सकाळी खिडक्या बंद. बाहेरून आल्यावर शर्ट दारातच बदलायचा. डोके रोज धुवायचे. आणि रोज सकाळी माझा वाफारा, दहा मिनिटे, घड्याळ लावून. नवव्या मिनिटाला कोणी हाक मारली, तर बाबा टॉवेलातूनच ओरडत, "अजून एक मिनिट आहे!"

त्या वर्षी त्यांच्या लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. ती आठ दिवसांनी निघणार होती. बाबांनी कपाटातून तिच्या आजीचे मनगटी घड्याळ काढले. ते कित्येक वर्षे बंद होते. लेक निघेल तेव्हा ते तिच्या हातावर चालू असले पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला.

"बाबा, मी तिकडे नवीन घेईन ना."

"नवीन कोणीही घेतं. हात पुढे कर, पट्ट्याचं माप घेऊ दे."

घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग बसवताना पहिल्या दिवशी शिंक आली. स्प्रिंग गादीखाली सापडली. तिसऱ्या दिवशी ती आईच्या केसांत सापडली, तीही संध्याकाळी, भाजी आणून झाल्यावर. पाचव्या दिवशी बाबा वाफारा घेऊन उठले, मला उचलून मोरीकडे निघाले आणि वाटेतच शिंकले. मी पडले. पोचा तेव्हाचा.

खरी अडचण अशी, की वाफारा घेतल्यावर त्यांच्या शिंका वाढतच होत्या. आईने माझ्याकडे बोट दाखवले. "या पातेलीतच काहीतरी आहे. जुनी झाली. उद्या भंगारात."

मित्रांनो, मला सारे ठाऊक होते, पण पातेलीला तोंड असते ते फक्त ओतायला. दोषी होता टॉवेल. हा पिवळा टॉवेल फार ऐटीचा. आई त्याला रोज आपल्या हाताने धुई आणि कडक उन्हात, गॅलरीतल्या दोरीवर वाळत घाली. वाळला की ती त्याचा वास घेऊन म्हणे, "बघ कसा स्वच्छ झालाय!" गॅलरीला लागूनच ते फुलोऱ्याचे झाड होते.

सातव्या दिवशी, मी भंगारात जाण्याआधी अखेरचे म्हणून, बाबा माझ्यावर वाकले. घाईत ते डोळ्यावरचे भिंग काढायला विसरले. टॉवेल डोक्यावर घेतला, आणि भिंगावर वाफ धरायच्या आत मी त्यांचा चेहरा पाहिला.

"अगं, इकडे ये! टॉवेलात पिवळं पीठ पेरलंय कुणी?"

भिंग हातोहात फिरले. आधी आईने पाहिले, मग लेकीने. आई खुर्चीवर बसली. "म्हणजे इतकी वर्षं मीच..."

"तूच," बाबा म्हणाले. "रोज, मनापासून." मग दोघे इतके हसले, की काकू गॅलरीत आल्या.

त्या दिवशी टॉवेल घरात, खुर्चीच्या पाठीवर वाळला. आठव्या दिवशी सकाळी बाबांना दोनच शिंका आल्या, त्याही टेबलापासून लांब. दुपारी आजीचे घड्याळ चालू झाले. ते लेकीच्या हातावर बांधून बाबा म्हणाले, "दिवसाला दोन मिनिटं मागे पडेल. फोन केलास की लावून घेत जा." मला भंगारात टाकायचे सगळेच विसरले.

बाबा आता नाहीत. गेल्या थंडीत गेले. शिंकांशी त्याचा काही संबंध नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण काकूंनी दोघातिघांना तसे सांगितले आहे.

यंदा फुलोऱ्याच्या दिवसांत लेक आईकडे आली. टेबलाचे खण आवरताना तिला शिंक आली. मग आणखी सहा.

"काय हो तोफ..." गॅलरीतून काकूंचा आवाज आला आणि तिथेच थांबला.

आईने मला धुतले, पाणी उकळले, टॉवेल खुर्चीवरून आणून दिला. लेकीने हातातले घड्याळ काढून वाफेपासून दूर ठेवले, वेळ पाहिली आणि माझ्यावर वाकली. दहा मिनिटे झाली. पंधरा झाली. पाणी गार झाले, तरी ती टॉवेलाखालीच होती. माझ्यात मात्र थेंब थेंब पाणी वाढत होते.

मित्रांनो, फुलोऱ्यात टॉवेल घरात वाळवा. उकळते पाणी टेबलाच्या मधोमध ठेवा. पोचा पडलेले भांडे टाकण्याआधी शेजारच्या टॉवेलाचीही चौकशी करा. आणि कोणी दहा मिनिटांहून जास्त वाफारा घेत असेल, तर हाक मारू नका. आईनेही मारली नाही. तिने फक्त दुसऱ्यांदा पाणी तापत ठेवले.