पाण्याला टेकलेला कॅमेरा

नांदेडच्या कॉलेजात अपूर्वाची तोंडी परीक्षा होती. बालचित्रपटाची सुरुवात पाहून कॅमेऱ्याबद्दल बोलायचं होतं. पडद्यावर नदी आली आणि कॅमेरा थेट पाण्याला टेकला. लाटेसरशी काठ दिसे, बुडे, पुन्हा दिसे. अपूर्वा एक पाऊल मागे सरली. लहानपणी ती सहस्रकुंड धबधब्याजवळ पाण्यात घसरली होती; मामानं केसाला धरून ओढून काढलं होतं.

"कॅमेरा इतका खाली का ठेवलाय?" परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी विचारलं.

पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "बुडणाऱ्या पोराचे डोळे हायत ते, मॅडम. काठावरची माणसं अशीच हलतात, अन् आपली हाक कुणालाच ऐकू जात न्हाई."

मॅडमनी चित्रपट बंद केला. तिला खुर्चीवर बसवून त्यांनी बराच वेळ तिचा गार पडलेला हात धरून ठेवला.