नारंगी ठिपक्यांची अळी

"चमकतो का?" कडुबानं विचारलं.

वांग्याच्या पानावर बसलेल्या किड्याकडे द्वारकाबाईनं मान वाकडी करून पाहिलं. "चमकतो की. लाल हाय, सात ठिपकं."

"मंग राहू दे."

"आन् ह्यो? पिवळा हाय. पाठीवर काळी नागमोडी रेघ."

"त्यो बी आपलाच."

तिसऱ्या झाडापाशी ती अडखळली. "ह्यो लालच हाय, पर जुन्या तांब्यावानी. ठिपकं तर इतकं, की मोजंस्तवर दुपार व्हईल."

कडुबानं हात पुढे केला. तिनं तो किडा नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. कडुबानं त्याच्या पाठीवरून अंगठा हळूच फिरवला. "मखमल लागती. बारीक लव हाय अंगावर. ह्यो पानं खातो." आणि त्यानं तो चिरडून टाकला.

वेरूळच्या रस्त्याला असलेलं हे शेत सुदर्शनचं, आणि कडुबा त्याचा सालगडी. तो राहायचा संभाजीनगरात आणि यायचा रविवारी. पिकावर औषधाचा थेंब पडू द्यायचा नाही, असा त्याचा नेम होता, आणि त्यामुळेच त्याच्या वांग्यांना शहरातल्या सोसायट्यांमध्ये मान होता. औषध नाही म्हटल्यावर सगळी भिस्त ढालकिड्यांवर. लोकांना वाटतं, ढालकिडा म्हणजे लाल रंगाचा, ठिपकेवाला, पोरं बोटावर चढवतात तो. पण त्यांच्यातही नाना तऱ्हा. सात ठिपक्यांचा, नागमोडी रेघांचा, पाठीवर तीन उभ्या पट्ट्या असलेला चिमुकला, हे सगळे झाडाचा रस शोषणारा मावा खाऊन पीक राखणारे. आणि त्यांच्यासारखाच दिसणारा हा मखमली पाठीचा, पानाची चाळण करणारा. घरभेद्याला काय वेगळं तोंड असतं? हा भेद कडुबा चार पावलांवरून सांगायचा. दुसऱ्या गावांतून शेतकरी बघायला आले की सुदर्शन मोठ्या तोऱ्यात म्हणायचा, "आमच्या कडुबामामांना विचारा."

मग कडुबाच्या डोळ्यांत शुगर उतरली. आधी ठिपके गेले, मग रेघा, मग पानांच्या कडा. डॉक्टर म्हणाले, पडदाच खराब झालाय, आता आहे तेवढं सांभाळा. सुदर्शनला सांगावं तर काम जाणार आणि कामाबरोबर शेतातली खोलीही. मग पिशोरला भावाच्या दारात जाऊन पडायचं. धाकटेपणी जो भाऊ उठता-बसता टाकून बोलला, त्याच्याच ताटाला म्हातारपणी बसायचं, हे कडुबाला नको होतं.

तोड काढली ती द्वारकाबाईनं. "तुमी सांगा, म्या बघते," ती म्हणाली. तेव्हापासून दोघं एकाच सरीत चालायची. पाहुणे आले की ती मागं उभी राहून पुटपुटायची, आणि कडुबा मोठ्यानं सांगायचा. नवऱ्याच्या मागं मागं फिरणारी बायको बघून लोक गालात हसायचे. हसोत बापडे.

पौषात एके सकाळी बांधालगतच्या चवळीत कडुबानं सहज पानांवरून हात फिरवला, आणि बोटं चिकटली. गुळाच्या पाकात बुडवल्यासारखी. त्यानं शेंडा चाचपला. मुडपलेला, आणि कोवळ्या देठावर मऊ, दाणेदार थर. मावा. पुढचं झाड तसंच, त्याच्या पुढचंही. ही चवळी मुद्दाम लावलेली असायची. मावा आधी हिच्यावर यायचा, त्यामागोमाग ढालकिडे यायचे, इथंच त्यांची वीण वाढायची आणि मग ते वांग्यात उतरायचे. इतक्या वर्षांत ही रीत कधी चुकली नव्हती.

"द्वारके, ढालकिडं दिसत्यात का?"

"औंदा कमीच हायेत. पर अळ्या म्या लई मारल्या. तुमी म्हणला व्हता ना, अळी दिसली की ठेचायची?"

"त्या पिवळ्या, काटेरी. मखमली किड्याच्या, पानामागच्या."

"त्या तर मारल्याच. काळ्या बी मारल्या. लांबुळक्या, मगरीवानी, पाठीवर नारंगी ठिपकं. लई पळत्यात, पर म्या सोडते काय? एक बी ठिवली नाय."

कडुबा मटकन बांधावर बसला. त्या काळ्या अळ्या म्हणजे ढालकिड्यांचीच पिल्लं. मोठ्या किड्याला मावा खाण्यात मागं टाकतील इतकी खादाड. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की कुणाला सांगावं लागतं हेच तो विसरला. अळी दिसली की ठेचायची! हे बोल त्याचेच होते, आणि तिनं ते डोळ्यांत तेल घालून पाळले होते.

"काय झालं वो?"

तो तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली. "एक सांगू का? जन्मात पैल्यांदा कुणी मला काई शिकवलं, आन् ते मला आलं. मायबापानं साळंत घातलं नाय. तुमी बी कवा दोन गोष्टी सांगितल्या नाय. आता रात्री डोळं मिटलं तरी मला किडं दिसत्यात, हा आपला, हा परका." असं म्हणून ती स्वतःशीच हसली. संसाराची इतकी वर्षं गेली, पण हे हसू कडुबानं कधी ऐकलं नव्हतं, आणि आता ते बघायला डोळे नव्हते.

"काई नाय," तो म्हणाला. "पाय वळला."

रविवारी सुदर्शन आला तोवर मावा वांग्यात शिरला होता. शेंडे वाकडे झाले होते, पानांवर काजळी धरली होती. गाडीचा आवाज ऐकताच कडुबानं द्वारकाबाईला चहा ठेवायला खोलीत पिटाळलं.

सुदर्शननं चवळीचं एक पान उलटं करून पाहिलं. मग दुसरं. "मामा, या अळ्या तर ढालकिड्याच्या आहेत. कुणी ठेचल्या?"

"म्या."

"तुम्ही?"

"डोळं गेलं, सुदर्शनभाऊ. पार साल झालं. तुमच्यापासून लपवलं. अंदाजानंच मारत गेलो."

सुदर्शननं वाकडा झालेला एक शेंडा खुडला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याचं अख्खं पीक समोर माना टाकून उभं होतं. "मला सांगायला हवं होतं, मामा," तो म्हणाला. "आता मी तरी काय करू? दुसरा माणूस बघावा लागेल. खोलीही त्याला द्यावी लागेल." द्वारकाबाई चहा घेऊन आली तेव्हा सुदर्शन गाडीकडे निघाला होता. कडुबानं तिला एवढंच सांगितलं, की डोळ्यांचं बिंग फुटलं.

पिशोरला रामकिसननं भावाला ओसरीचा कोपरा दिला आणि रोज दोन वेळा त्याची आठवणही करून दिली. ताटावरून मान न उचलता कडुबा जेवून घेई. द्वारकाबाई मात्र आठवडाभरातच रामकिसनच्या वांग्यात उतरली. फुकटचं खात नाही, हे तिला दाखवायचं होतं. रामकिसनची बायको सारजाबाई आणि खुरपणीच्या बाया तिच्याभोवती जमल्या. बांधावर बसून कडुबा ऐकत होता.

"लालभडक, चमकणारा असंल तर हात लावायचा नाय," द्वारकाबाई सांगत होती. "पाठीवर मखमल लागली तर मारायचा. आन् ही बगा. काळी, नारंगी ठिपक्याची अळी. ही समद्यात वंगाळ. दिसली की ठेचायची."

आवाज चांगला खणखणीत होता. या घरात आजवर तिला कुणी दोन वाक्यं पुरी बोलू दिली नव्हती. आज सगळ्या गप्प बसून ऐकत होत्या.

सारजाबाईला मात्र खात्री वाटेना. बांधाकडे वळून तिनं विचारलं, "व्हय का वो भावजी? तुमी तर लई जाणकार. ही बी मारायची का?"

कडुबाच्या ओठांवर शब्द आले. जन्मभर ज्यांना जपलं, त्यांची पिल्लं होती ती. रामकिसनचं पीक हातचं जाईल, मग या ओसरीवरचा कोपराही जाईल, हे सगळं त्याला लख्ख कळत होतं. द्वारकाबाईचं तोंड त्याला दिसत नव्हतं, पण ती आपल्याकडेच बघतेय हे ठाऊक होतं.

"व्हय, वहिनी," तो म्हणाला. "ती सांगती तसंच करा."

बाया सऱ्यांमध्ये पांगल्या. कडुबाला त्यांच्या लुगड्यांचे पुसट रंग तेवढे दिसत होते. आधी हिरवा रंग खाली वाकला, ती द्वारकाबाई. मग तिच्या मागोमाग बाकीचेही एकेक करून वाकले.