अजून नाही

वाइबुरान गावात "नाही" असं कोणी म्हणतच नाही. लग्न झालं का विचारा, "अजून नाही" म्हणतील. पोरंबाळं? अजून नाही. म्हातारी तेरे ऐंशी वर्षांची, बिनलग्नाची, तोंडात औषधाला दात नाही. तिला विचारा, तीही लाजून "अजून नाही" म्हणणार. साफ नाही म्हणणं म्हणजे दैवाच्या तोंडावर दार आपटणं, असं या लोकांना वाटतं. वाटू दे बापडं. पण याच दोन शब्दांनी गावाची दाई घालवली, आणि खापर फुटलं ते ओसेच्या डोक्यावर.

झालं असं, की बेटावरच्या कुठल्या गावाला सरकारी दाई द्यायची हे जिल्ह्याच्या कचेरीला ठरवायचं होतं. गावात कायमची राहणारी तीस घरं तरी हवीत, अशी अट होती. ओसे गावातली आरोग्याची कामं बघायची, तिचं अक्षर बरं होतं, म्हणून फॉर्म तिच्या हातात आला. "गाव सोडून जाणार का?" या प्रश्नावर लोक जे बोलले ते तिने इमानदारीत लिहिलं. तीस घरं, तीस वेळा "अजून नाही". कचेरीतला माणूसही याच मुलखातला, त्याच्याही घरी असंच बोलत असतील. पण कागदावर त्याने सरळ अर्थ लावला, की आज नाही तर उद्या हे सगळे जाणार. निम्मी तरणी पोरं आधीच मलेशियात पामच्या मळ्यांत राबतायत, मग त्याचं तरी काय चुकलं? रिकाम्या होणाऱ्या गावाला दाई देता येत नाही, असं पत्र आलं.

पत्र वाचून दाखवलं आणि त्या दिवसापासून गावाने ओसेला वाळीतच टाकलं. सकाळी बायका गरम मक्याचे दाणे दगडावर ठेचून चपटे करायला एकत्र बसतात. ओसे आली की ठोके थांबायचे आणि एकेक जण काहीतरी काम काढून उठायची. जाळं ओढलं की घरोघर मासळीचा वाटा जातो, तो तिच्या दारावरून पुढे जायचा. विहिरीवर तिची भरलेली बादली कोणीतरी लाथेने कलंडवली. दहाजणींच्या डोळ्यांदेखत कलंडवली, पण कोणी कलंडवली ते एकीलाही दिसलं नाही. ज्यांनी स्वतःच्या तोंडाने "अजून नाही" म्हटलं होतं तेच आता विचारत होते, तुला अक्कल नव्हती का? नुसतं "नाही" लिहायला हात मोडला होता?

या सगळ्यांच्या पुढे कोपोंग. मूळ जमीनमालकांच्या घराण्यातला, गावात शेवटचा शब्द त्याचा. त्याची सून नोगो पाचव्या महिन्यात होती, त्यामुळे त्याच्या नाकाला जास्तच मिरच्या झोंबल्या होत्या.

ओसेने हे सगळं गिळलं. तिच्याही घरात सून होती, बारेक, आठवा महिना लागलेली. नवरा तिचा, म्हणजे ओसेचा मुलगा, मलेशियात. मागच्या वर्षी पश्चिमेचा वारा सुटला, दहा दिवस बोट आली नाही, आणि बारेकचं पहिलं बाळ दोन दिवस अडून गेलं. ओसेनेच ते कापडात गुंडाळलं होतं. ते वजन तिच्या हातांवरून अजून उतरलं नव्हतं. या खेपेला तिला दाई हवी होती. मान गेला, मासळी गेली, जाऊ दे मेली.

तिने कचेरीला तीन पत्रं लिहिली. शेवटी उत्तर आलं, की गुरुवारी एक साहेब येईल, प्रत्येक घराला तोंडी विचारेल, तीसच्या तीस घरं राहणार असतील तर फेरविचार करू. मग ओसे दारोदार फिरली. ज्यांनी तोंड फिरवलं त्यांच्या पाठीशी बोलली. एकदाच, फक्त त्या साहेबापुढे, नुसतं "नाही" म्हणा, एवढंच तिचं मागणं होतं.

लोकांची जीभ रेटेना. म्हातारी तेरे तर रडायलाच लागली. नाही जाणार म्हटलं आणि देवाने उचललं तर खोटं बोलल्याचं पाप कोणाला?

"उचललं तरी तुला पुरणार इथेच ना?" ओसे म्हणाली. "मग गाव कुठे सोडलंस?"

हे तेरेला पटलं. हळूहळू बाकीच्यांनाही पटलं, नव्हे, ओसेने चार दिवस घोकून घेतलं त्यांच्याकडून. त्या चार दिवसांत एकाही बाईने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

गुरुवारी येर्मियास नावाचा तो साहेब आला. भरतीच्या आत परत निघायचं म्हणून घाईत होता. उतरताना लाटेने त्याला कमरेपर्यंत भिजवलं, तो गावप्रमुखाच्या घरी कपडे बदलायला गेला. चॅपेलपुढे सगळं गाव जमलं होतं. ओसे बारेकला घेऊन सावलीत टेकायला गेली, तसा कोपोंग पुढे आला.

"दाईची खोली माझ्या अंगणात होणार आहे," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. "तुझ्या घरच्या माणसाचं पाऊल माझ्या अंगणात पडायचं नाही. आणि दाई तुझ्या दारात जाणार नाही, ते मी बघेन."

"आमा कोपोंग, या पोरीने काय केलंय?" ओसेने विचारलं. तिकडे बाप्यामाणसाला मानाने आमा म्हणतात, बाईला इना.

"तुझ्या घरात राहते. तेवढं पुरे."

ओसेने भोवती पाहिलं. कोणाच्या पोराला तिने ताप असताना रात्र रात्र औषध पाजलं होतं, कोणाच्या आईच्या जखमा धुतल्या होत्या. कोपोंगच्या वाटेला कोण जाणार? तेरेने ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. बारेक पोटावर हात ठेवून खाली बघत राहिली, आणि ओसेच्या अंगाची आग आग झाली. चार दिवस ही माणसं तिच्याकडून धडा गिरवत होती, आणि तो दुसऱ्यांच्याच सुनांसाठी!

येर्मियास कोरडी विजार घालून आला आणि यादी घेऊन बसला. कोपोंगने पहिलं "नाही" दणक्यात दिलं. मग बाकीच्यांनी. कोणी घाम पुसत म्हणालं, कोणी छातीवर क्रूस काढून. तेरे "अ" पर्यंत पोचली होती, पण शेजारणीने कोपर मारलं आणि तिने उरलेलं गिळून टाकलं. एकोणतीस "नाही" झाले. ओसेचं घर कबरस्तानाला लागून, रांगेत शेवटचं, म्हणून यादीतही शेवटचं.

"इना ओसे, तुम्ही गाव सोडून जाणार का?"

"हो," ओसे म्हणाली.

येर्मियासला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने सांभाळून सांगितलं, की एकोणतीसवर दाई मिळणार नाही, नीट विचार करा.

"केलाय विचार. आजच जाणार. तुमच्या बोटीत दोघींना जागा आहे?"

कोपोंगच्या तोंडचं पाणी पळालं. बाई रागात बोलतेय, साहेब, लिहू नका, असं तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला. बायका ओसेचा हात धरायला धावल्या. सगळ्यांना एकदम तिचा पुळका आला.

"लिहा," ओसे म्हणाली.

तासाभरात तिने एका पोत्यात भांडी भरली, एकात कपडे, आणि घराला कडी लावली. लारांतुका शहरात दवाखान्याजवळ तिची मावसबहीण राहायची, ती काही बाहेर काढणार नव्हती. बारेकला दोघा खलाशांनी उचलून बोटीत बसवलं. गाव किनाऱ्यावर उभं राहून ओसेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

तेवढ्यात त्या गर्दीतून नोगो पुढे आली. ती चालत चालत मांडीभर पाण्यात आली आणि तिने बोटीची कड धरली. जेमतेम एकोणीस वर्षांची पोर. ओसेला ती एकही शब्द वावगा बोललेली नव्हती.

"इना, माझी वेळ आली की मी कोणाकडे जाऊ?"

"सासऱ्याला विचार," ओसे म्हणाली.

नोगोने कड सोडली. इंजिन सुरू झालं, बोट वळली. आपण काय बोललो ते ओसेला तेव्हा कळलं. खलाशाला थांब म्हणायला तिने तोंड उघडलं, पण शेजारी बारेक होती, आठ महिन्यांची गरोदर. ओसेने तोंड मिटून घेतलं आणि मागे वळून बघितलं नाही.