पाठराखीण

साळोख्यांनी नवरीचं नवं नाव कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवेदिता घरी आली.

दार चैतालीनंच उघडलं. बाहेर तिच्याच वयाची, तिच्याच उंचीची एक मुलगी हातात बॅग घेऊन उभी होती. केस नुकतेच धुतलेले, कपाळावर बारीक टिकली.

"मी निवेदिता," ती म्हणाली.

"कोण आलंय गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"निवेदिता."

"मग आत घे की. दारात काय उभी केलीस तिला?"

आईनं चहाच्या आधणात आणखी कपभर पाणी ओतलं. नाना गिरणीवर निघाले होते; त्यांनी पायातली चप्पल परत काढली, निवेदितासमोर येऊन बसले आणि प्रवासात त्रास नाही ना झाला, असं विचारलं. ती नाही म्हणाली.

इस्लामपुरात नाना मोहित्यांची पिठाची गिरणी होती. चैताली त्यांची एकुलती एक. कोल्हापूरला फार्मसी शिकताना तिचं आणि निनाद साळोखेचं जमलं. घरी सांगितलं तेव्हा आईनं अबोला धरला आणि नाना जेवताना ताटातून मान वर करेनात. बरेच महिने असे गेले. मग एकदा नाना गिरणीतून आले, हातपाय धुतले आणि तोंड पुसता पुसता टॉवेलच्या आतूनच म्हणाले, "बोलव त्या पोराला." त्या आठवड्यात चैताली इतकी खूश होती की कुणी काहीही मागितलं असतं तरी तिनं देऊन टाकलं असतं. मागितलं ते नाव. निनादच्या आईला सुनेचं नाव मुलाच्या नावाशी जुळणारं हवं होतं. "कागदावर असू दे गं," निनाद फोनवर म्हणाला. "मी तुला चैतूच म्हणणार." चैताली म्हणाली, "बरं."

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. चैतालीला बहीण नव्हती. आता दोघी एका पलंगावर झोपत, एकमेकींच्या वेण्या घालत, मंगल कार्यालयाच्या मॅनेजरची नक्कल करून लोळून हसत. निवेदिताला स्वतःबद्दल फारसं काही माहीत नव्हतं. जेवायला बसली की ती हळूच विचारायची, "मला तिखट चालतं का?"

"चालतं की. हिरव्या मिरचीचा ठेचा तर फार आवडतो," चैताली सांगायची. मग निवेदिता ठेचा मागून मागून खायची आणि चैतालीच्या तोंडात त्याची चव उरायची नाही. ठेचा, मोगऱ्याचा वास, गॅलरीत पाय सोडून बसणं, असं एकेक तिनं सांगून टाकलं. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. देण्यासारखं आपल्याकडे भरपूर आहे, असं तिला वाटत होतं.

बस्ता बांधायला सगळे सांगलीला गेले. चैतालीनं शालू निवडला, चिंतामणी रंगाचा, काठाला बारीक कोयऱ्या. दुकानदारानं तो उलगडला आणि निवेदिताच्या खांद्यावर टाकला. आईचे डोळे भरून आले. "किती शोभून दिसतेस गं," ती म्हणाली. चैतालीनं आरशात पाहिलं. खरंच शोभत होता. परत येताना गाडीत शालूची पिशवी मात्र चैतालीच्या मांडीवर होती.

ब्लाउजची मापं शिवणाऱ्या बाईंनी चैतालीचीच घेतली होती. शिवून आला तेव्हा तिच्या दंडातून बाही वर चढेना. निवेदिताला तो अंगासरशी बसला.

"उसवून देतील का?" चैतालीनं विचारलं.

"कशाला? बसलाय की नीट," आई म्हणाली आणि हुक लावू लागली.

पत्रिका छापून आल्या त्या दिवशी चैतालीच्या खोलीची भिंत आत सरकली. कपाट खिडकीला टेकलं. पलंगावर एकीपुरतीच जागा राहिली, म्हणून चैतालीनं खाली सतरंजी घातली. पाय लांब केले की तळवे भिंतीला लागत. तिनं आईला सांगितलं.

"लग्नघरात जागा पुरतच नाही कधी," आई म्हणाली. पत्रिकांच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावण्यात ती गुंतली होती. प्रत्येक पत्रिकेवर चि. सौ. कां. निवेदिता असं सोनेरी अक्षरांत होतं. चैतालीनंही बसून बऱ्याच पत्रिकांना कुंकू लावलं.

मग निनाद आला. अंगठीचं माप न्यायचं निमित्त होतं. जिन्यावरूनच त्यानं हाक मारली, "चैतू!"

चैताली उठेपर्यंत निवेदिता दारात पोचली होती. त्यानं तिच्या हातातलं पाणी घेतलं, पिता पिता तिच्याकडे बघत राहिला. ही नजर चैतालीच्या ओळखीची होती. कोल्हापूरला बसस्टँडवर तो असाच बघायचा, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

तिनं त्याला गच्चीवर गाठलं. "निनाद, चैतू मी आहे."

"माहीत आहे की."

"मग हाक तिला कशी मारलीस?"

"कुणाला?"

निवेदिता वाळवणाच्या पलीकडे उभी होती. निनादनं आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि एकच माणूस बघावं तसा तो दोघींकडे बघून हसला. "दमलीयस तू," तो म्हणाला. "चालायचंच. लग्न एकदा पार पडू दे."

"मला हे लग्न असं नको आहे."

"अगं, तुझंच तर लग्न आहे," तो प्रेमानं म्हणाला, आणि जाताना निवेदिताच्या बोटाचं माप घेऊन गेला.

चैताली एकटीच कोल्हापूरला गेली. निनादची आई स्वयंपाकघरात कडबोळी वळत बसली होती. तिनं चैतालीला पाट दिला, समोर डिश ठेवली.

"काकू, मला माझं नाव परत पाहिजे."

"घे की. आम्ही कुठं काढून घेतलंय?" काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पण निवेदिता आता आलीय ना. आलेल्या पोरीला परत कुठं पाठवणार?"

"मग मी कुठं जाऊ?"

"तू कशाला कुठं जातीस? घर आहे की तुझं." त्यांनी कडबोळं तेलात सोडलं. "माझी पण एक मागे राहिलीय, मिरजेला, माहेरी. भावाचं सगळं घर तीच बघते. दिवाळीला साडी देते मी तिला. ती अंगावर लावून बघते आणि घडी करून ठेवून देते."

"तिचं नाव काय?"

काकूंनी कढईतलं कडबोळं उलटलं, परत उलटलं. "खा गं," त्या म्हणाल्या. "गरम आहेत तोवर खा."

एसटीत खिडकीशी बसल्यावर चैतालीला विट्याची मावशी आठवली. मामाच्या घरी मागच्या पडवीत ती असायची, धान्य निवडत. सगळे तिला नुसतं मावशी म्हणत. ती आईसारखीच दिसायची, हसताना आईसारखाच पदर तोंडाशी धरायची.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आई, लग्नाआधी तुझं नाव काय होतं?"

"शकुंतला." आई खणानारळाची ताटं लावत होती.

"आणि विट्याच्या मावशीचं?"

"शकू."

"तिनं लग्न का नाही केलं?"

"केलं की," आई म्हणाली. खणाची घडी सारखी करून तिनं ती नारळाशेजारी ठेवली आणि दुसरं ताट पुढे ओढलं.

नानांशी बोलायला चैताली गिरणीवर गेली. त्यांनी तिला पाहून पट्टा थांबवला. गिरणीचा आवाज बंद झाला तशी बाहेरची चिमण्यांची कलकल ऐकू येऊ लागली. नानांच्या पापण्यांवर पीठ होतं.

"नाना, कन्यादान कुणाचं करणार तुम्ही?"

त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. "भटजी जिचा हात माझ्या हातात देतील तिचं. मी मान वर करणार नाही, चैताली. माझ्याच्यानं व्हायचं नाही ते."

"थांबवा ना हे सगळं. तुम्ही म्हणालात तर थांबेल."

"थांबेल," नाना म्हणाले. मग त्यांनी तोंड फिरवलं. "खरं सांगू? तू घरीच राहणार म्हटल्यावर मला बरंच वाटलं. एकुलती एक पोर. ती निवेदिता आली त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपलो."

चैतालीला त्यांच्यावर चिडायचं होतं. तिनं ओढणीच्या टोकानं त्यांच्या पापण्या पुसल्या. नाना डोळे मिटून लहान मुलासारखे उभे राहिले.

मेंदी काढली तेव्हा निवेदिताचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते. बायका जेवायला खाली गेल्या आणि चैताली तिला घास भरवत बसली.

"रागावलीस माझ्यावर?" निवेदितानं विचारलं.

"नाही."

"तिकडे माझ्या ओळखीचं कुणीच नाही. मला भीती वाटते." तिनं घास गिळला. "चैताली, मला निनाद का आवडतो?"

चैतालीचा हात ताटातच राहिला. तिला सगळं आठवलं. पावसात बंद पडलेली त्याची मोटरसायकल, ती ढकलताना त्यानं म्हटलेली बेसूर गाणी; तोंडी परीक्षेच्या दिवशी तिचे गार पडलेले हात त्यानं आपल्या खिशात घालून ठेवले होते ते; तिच्या घरी काही जमेना तेव्हा तो म्हणाला होता, "मी म्हातारा होईपर्यंत थांबतो, पण आधी चहा पिऊ." हे एकदा सांगितलं की आपण सुटू, हे तिला कळत होतं. ठेच्यासारखं, मोगऱ्यासारखं हेही निघून जाईल आणि मग काही दुखणार नाही.

"सांग ना," निवेदिता म्हणाली. "मी काय म्हणून जाऊ त्याच्याकडे?"

"हे मी सांगणार नाही."

निवेदिता रडू लागली. तिला डोळे पुसता येत नव्हते, मेंदी ओली होती. ते चैतालीनंच पुसले.

लग्नाच्या दिवशी सकाळी खोली इतकी अरुंद झाली होती की चैतालीला अंग चोरून, आडवं होऊन बाहेर यावं लागलं. ती बाहेर पडली आणि मागे एक भिंत दुसरीला टेकली. बाहेरून तिच्यावर कालच्या हळदीचे पिवळे हात उमटले होते, कुणाचे तरी.

करवली म्हणून तिलाच उभं केलं. निवेदिताच्या मागे ती हातात दिवा घेऊन उभी राहिली. समोर अंतरपाट धरलेला, पलीकडे निनादचे पाय दिसत होते. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या. चैतालीच्या केसांतही पडल्या. पडदा दूर झाला तेव्हा निनादनं समोर पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की वाजंत्रीवालेसुद्धा हसले. त्या चेहऱ्यासाठी चैतालीनं कितीतरी महिने घरात अबोला सोसला होता. तो तिनं निवेदिताच्या खांद्यावरून पाहिला.

कन्यादानाला नाना बसले. त्यांनी शब्द पाळला, मान वर केली नाही. त्यांच्या ओंजळीतून पाणी निवेदिताच्या हातावर पडत होतं, आणि आई शेजारी बसून चैतालीकडे बघत होती, एकसारखी, पापणी न हलवता. चैतालीला वाटलं, आता आई उठेल. भटजींनी सांगितल्यावर आईनं तांब्या उचलून पुन्हा धार धरली.

निघायच्या वेळी निवेदिता गाडीत बसेना. नानांच्या गळ्यात पडली, आईच्या पडली, मग चैतालीचा हात तिनं असा धरला की बांगड्या रुतल्या. "हिला पाठवा माझ्याबरोबर."

"पाठराखीण लागतेच की नवरीला," निनादची आई म्हणाली. "चार दिवस नवी पोर बावरलेली असते. येऊ दे तिला."

"नाही," नाना म्हणाले. एवढ्या मोठ्यानं की सगळे वळून बघू लागले. "ही नाही. हिला मी पाठवणार नाही."

"अहो, चार दिवसांचा तर प्रश्न," आई म्हणाली. "आणि घरी तरी कुठं निजणार ती?"

नानांनी चैतालीकडे पाहिलं. त्यांनी तिच्या केसांतल्या अक्षता एकेक करून वेचल्या, सगळ्या वेचून होईपर्यंत कुणाला गाडी सुरू करू दिली नाही. मग म्हणाले, "सांभाळ गं तिला."

मागच्या सीटवर निवेदिता एका खिडकीशी बसली, निनाद दुसऱ्या. मधे चैताली. गाडी हायवेला लागली. ऊस दोन्ही बाजूंना उभा होता, सरळ, संपता संपेना. निवेदितानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आता तरी सांग," ती पुटपुटली.

चैतालीनं ओठ घट्ट मिटले. शेजारून निनादच्या अंगाला तोच साबणाचा वास येत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. हात लांब करून तो तिच्यावरून पलीकडे नेला आणि निवेदिताची मेंदीची बोटं आपल्या बोटांत गुंतवली. मग दोघांचे गुंफलेले हात सावकाश खाली आले आणि चैतालीच्या मांडीवर विसावले. ते ऊबदार होते आणि जड होते. तिनं आपले दोन्ही हात त्यांच्या वर उचलून धरले. ते कुठं ठेवायचे, तिला कळेना.