खिंडीखालचं घर

जोयड्याला लोक येतात ते वाघ बघायला. वाघ काही दिसत नाही, मग धरणाच्या पाण्यापुढं फोटो काढतात आणि कोंबडी खाऊन परत जातात. त्या पाण्याखाली जुनं सुपा आहे हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी "अरे वा" म्हणून ते मोबाईलकडं बघतात. यंदा मे महिन्यात पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं. देवळाचा चौथरा उघडा पडला म्हणून तो बघायला तरी चार माणसं आली. त्याच्याही खालची, नदीला लागून असलेली आळी उघडी पडली होती, तिकडं मात्र चिटपाखरू फिरकलं नाही.

त्या आळीत गणपती एकटाच उतरला. वय त्रेसष्ट, राहणार रामनगर. उतरण्याआधी त्यानं काठावरच्या जांभळीला आपला तांबडा टॉवेल बांधला. त्या टॉवेलाचं कारण सांगायला हवं.

धरणासाठी सुप्यातली घरं सोडली तेव्हा गणपती बावीस वर्षांचा होता. पाणी भरलं त्या सालच्या कार्तिक पौर्णिमेला त्याच्या बापानं, आप्पानं, ठरवलं की आपल्या घरावर एक दिवा सोडायचा. आप्पाची नजर तोवर गेली होती. या जांभळीखाली उभं राहून, केळीच्या खोडाच्या सोपटावर पणती ठेवून म्हातारा म्हणाला, "गणपा, आपलं घर कुठं आलं बघ." समोर नुसतं पाणी, पलीकडं डोंगरातली खिंड. सुटायला आलेली शेवटची गाडी, आणि रामनगरात त्याच संध्याकाळी कबड्डीचा अंतिम सामना! गणपतीनं बघितलंच नाही. हात झटकून म्हणाला, "त्ये काय, खिंडीच्या सरळ खाली."

आप्पानं तोंड खिंडीकडं केलं, दिवा सोडला, हात जोडले. मग दरवर्षी तेच. सदतीस वर्षं म्हातारा जांभळीखाली उभा राहायचा, पोराकडून तोंड खिंडीकडं करून घ्यायचा आणि पाण्याशी काहीबाही बोलायचा. गणपतीला मात्र दर कार्तिकात तो झटकलेला हात आठवायचा. खरं सांगायचं धाडस झालं नाही, आणि तीन वर्षांपूर्वी आप्पाच गेला. आता खरंखोटं करायची वेळ आली होती. ज्या जागी उभं राहिल्यावर पुढं खिंड आणि पाठीमागं बरोबर टॉवेल येईल, त्या जागेवर बापाचे दिवे गेले. ती जागा आपल्या घराची निघो, एवढंच त्याचं मागणं होतं.

आळी होती तशीच होती, फक्त वरचं सगळं गेलं होतं. जोती, पायऱ्या, अर्धं जातं, मातीनं बुजलेली विहीर. वाळल्या चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि पाय टाकला की खालून गारवा लागत होता. आळीतल्या शिवानंदाची बैलगाडी जिथं उभी असायची तिथं गणपती अंग चोरून बाजूनं गेला. पुढं दोन घरं सोडून तो खाली वाकला, कारण तिथल्या माडीचं लाकूड कपाळाला लागायचं. लाकूडही नव्हतं आणि माडीही नव्हती. आपण वाकलो हे कळल्यावर त्याला हसू आलं, आणि बरंही वाटलं. पाणी लांब, गप्प चमकत होतं. कुणीतरी आत्ता ताक घुसळतंय असं त्याला वाटत राहिलं.

आपलं जोतं त्याला पायांनीच दाखवलं. तिसरी पायरी फुटकी होती, ती अजून फुटकीच होती. तो ओट्यावर चढला, खिंडीकडं तोंड केलं आणि मागं वळून बघितलं. टॉवेल बराच डावीकडं दिसत होता.

एक पाऊल सरकला. आणखी एक. ओटा संपला, मधली गटार ओलांडली, पलीकडच्या जोत्यावर चढला. तिथं एक बाई बसली होती.

"काय हरवलंय गा, गणपा?" ती म्हणाली.

बाबुराव दुकानदाराची यमुना. खानापुरात दिलेली, त्याच्याहून चार वर्षांनी थोरली. आपल्यासारखीच हीही एकटी उतरली तर! बाबुरावाच्या छपराच्या पागोळ्या गणपतीच्या अंगणात पडतात यावरून दोघांचे बाप अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्या थेंबांवरून एवढं रामायण, आणि शेवटी धरणानं दोघांच्याही डोक्यावरून पाणी नेलं.

गणपतीनं मागं बघितलं. टॉवेल नाकासमोर. दिवे इथं आले होते, बाबुरावाच्या उंबऱ्यावर.

तो तिच्यासमोर खाली बसला. कबड्डीसकट सगळं त्यानं सांगून टाकलं, लहान पोरासारखं रडत. "सदतीस वर्सं, यमुनाक्का. आप्पा वैऱ्याच्या दारात हात जोडत हुता, आन त्यो मी जोडायला लावला."

यमुना उंबऱ्याच्या दगडावरची माती नखानं काढू लागली.

"आमचे बाबा गाव सुटल्यावर खानापुरात पैल्याच पावसात गेले," ती म्हणाली. "घर घर करत गेले. भाऊ म्हणाले, बुडालं त्ये बुडालं, कशाला जायाचं थितं? इतक्या वर्सांत आमच्या उंबऱ्याला कुणी दिवा दावला न्हाई, म्हणून जीव जळायचा माजा. आज त्येच्यासाठीच आले." तिनं पिशवीतली पणती दाखवली. "आन तू सांगतोस, हितं रोज न्हाई तरी दरसाल दिवा लागला. तुज्या बापानं लावला. व्हय न्हवं?"

"व्हय. पर आमचं घर अंधारातच ऱ्हायलं की."

ती उठली, गटार ओलांडून त्याच्या फुटक्या पायरीपाशी गेली, पणती तिथं ठेवली आणि भर उन्हात पेटवली.

कार्तिकात पाणी पुन्हा काठोकाठ भरलं. पौर्णिमेच्या तिन्हीसांजेला दोघं जांभळीखाली आली. गणपतीनं सवयीनं खिंडीकडं तोंड केलं आणि पहिला दिवा तिकडंच सोडला, बाबुरावासाठी. यमुना आपली पणती धरून थांबली होती. शेवटची गाडी वरच्या रस्त्यानं निघून गेली, त्यानं मान वळवली नाही. पाण्याकडं नीट, सावकाश बघून त्यानं हात उचलला आणि खिंडीच्या जरा डावीकडं धरला.

"आप्पा," तो म्हणाला, "आपलं घर तिकडं आलं बघा."